वाडे संस्कारांनी वाचत नाहीत

पुण्याच्या पेठेतला एखादा वाडा पाडल्याचा फोटो ग्रुपवर आला की ठरलेला वाद सुरू होतो, आपल्या लोकांना वारशाची किंमतच नाही, इंग्लंडमध्ये बघा कसं जपतात वगैरे. मी डर्बीशायरमध्ये राहतो, हार्डविक हॉल इथून जवळच आहे, म्हणून यावर बोलायचंय.

काय घर आहे ते! बेस ऑफ हार्डविक नावाच्या बाईने साठी उलटल्यावर, 1590 च्या दशकात बांधून घेतलं, आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा समजतात. वरच्या सहाही टॉवर्सवर तिने स्वतःची ई. एस. (एलिझाबेथ श्रूझबरी) ही आद्याक्षरं दगडात कोरून घेतली, लांबून दिसतील एवढी मोठी. काच तेव्हा फक्त श्रीमंतांना परवडायची आणि इथे तर भिंतीपेक्षा काचच जास्त, ते जमलं कारण धुराडी आतल्या भिंतींमध्ये घेतली आणि बाहेरच्या भिंती खिडक्यांसाठी मोकळ्या राहिल्या. मजले वर जाल तसे जास्त उंच होत जातात, मानाचे दिवाणखाने सगळ्यात वर, त्यामुळे दगडी जिना चढत गेलं की उजेड वाढतच जातो, मला ते दर वेळी थक्क करतं. आपला वाडा याच्या बरोबर उलट, रस्त्याकडून बंद आणि सगळा उजेड चौकातून, आणि तीही तितकीच हुशारीची रचना आहे.

पण हे घर वाचलं ते कायद्यामुळे. 1950 मध्ये घराचे तेव्हाचे मालक, डेव्हनशायरचे दहावे ड्यूक वारले, वारसा कर 80 टक्के बसला, तेव्हा कराच्या बदल्यात हार्डविक सरकारला दिलं आणि 1959 मध्ये ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आलं. ज्यांना असा रस्ता मिळाला नाही अशी शेकडो घरं याच इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात पाडली गेली, त्याचे फोटो मात्र ग्रुपवर कोणी टाकत नाही.

आता पुण्यातला वाडामालक बघा. भाऊबंदकी, नाममात्र भाड्यावरचे जुने भाडेकरू, वाळवी लागलेले खांब, गळणारं छप्पर, तो बिल्डरकडे नाही जाणार तर कुठे जाणार? इस्टेट ड्यूटी, म्हणजे असा वारसा कर, आपल्याकडे 1985 लाच गेली, त्यामुळे इंग्लंडची वाट जशीच्या तशी चालणार नाही. पण वारसा यादीतल्या वाड्याला मिळकतकर पूर्ण माफ करा, दुरुस्तीला महापालिकेने निम्मे पैसे द्या, आणि ज्याला वाडा सोडायचाच आहे त्याच्याकडून तो योग्य किमतीत घेणारी एखादी संस्था उभी करा. मालकाला बेजबाबदार म्हणण्याआधी नगरसेवकाला एवढं तरी विचारा.