क्वोकाची मादी पिल्लू फेकत नाही

ऑस्ट्रेलियातील क्वोका या छोट्या प्राण्याविषयीचा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरत फिरत अखेर आमच्या घरच्या ग्रुपवरही येऊन धडकला. त्याचा आशय असा: हा जगातील सर्वांत आनंदी प्राणी, शत्रू दिसताच त्याची मादी स्वतःचे पिल्लू शत्रूच्या अंगावर फेकून पळते, माणसाला तो घाबरत नसल्याने त्याला हाताने भरवून सेल्फी काढता येतो, आणि बेटावर राहत असल्यामुळे त्याच्या जिवाला कसलाही धोका नाही. शेवटी अर्थातच ‘अशी आई वैऱ्यालाही मिळू नये’ हे वाक्य. सुट्टीत पर्थला निघालेल्या भाचीने हे वाचून बिस्किटांचे पुडे बॅगेत भरण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा गप्प बसणे शक्य नव्हते.

पिल्लू फेकण्याची गोष्ट आधी घेतो, कारण सर्वाधिक हशा आणि सर्वाधिक शिव्याशाप तिच्याच वाट्याला आले. क्वोका हा कांगारूच्या कुळातला, मांजराएवढा, अडीच ते पाच किलो वजनाचा शिशुधान, म्हणजे पोटावरच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा प्राणी. त्याचे ते आखूड पुढचे पाय एकदा नीट पाहिले, तरी फेकाफेकीची कल्पना किती हास्यास्पद आहे ते कळेल. क्वोकाचा जंगलात जाऊन अभ्यास केलेले संवर्धन-जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू हेवर्ड यांनी प्रत्यक्षात काय घडते ते सांगितले आहे: पाठलाग होत असताना मादी पिशवीचे स्नायू सैल सोडते, त्यामुळे मोठे झालेले पिल्लू बाहेर पडते, जमिनीवर धडपडत फुत्कारल्यासारखा आवाज करते, आणि शिकाऱ्याचे लक्ष तिकडे वळले की मादीला निसटता येते. म्हणजे संदेशात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करायला हवे. मात्र उरलेले अर्धे कोणी पुढे पाठवत नाही. पिल्लू जन्मल्यावर लगेचच मादी पुन्हा गाभण राहू शकते; तो गर्भ वाढ थांबवून तसाच राहतो आणि पिशवीतले पिल्लू दगावले, तर वाढू लागून महिन्याभराच्या आत जन्म घेतो. मादी जगली, तरच ही सोय उपयोगी पडते. तिला माणसाच्या आईपणाची फूटपट्टी लावून कलंकिनी ठरवणे हा निव्वळ आचरटपणा आहे.

‘हसरा चेहरा’ ही तोंडाची ठेवण आहे, मनःस्थिती नव्हे. यावर अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही.

भरवण्याचा सल्ला मात्र खरोखर घातक आहे. पर्थजवळच्या रॉटनेस्ट बेटावर क्वोकाला हात लावणे आणि खाऊ घालणे या दोन्ही गोष्टींना बंदी असून त्यासाठी दंड होतो. झाडपाला आणि गवत खाणाऱ्या या प्राण्याला पाव, चिप्स किंवा बिस्किटे दिल्यास तो आजारी पडतो. अन्नाचे मऊ कण दातांत अडकून जबडा सुजण्याचा आजारही होतो. टेनिसपटू रॉजर फेडररचा २०१७ मधील क्वोकासोबतचा सेल्फी सर्वांना ठाऊक असतो, परंतु २०१५ मध्ये दोन पर्यटकांनी याच बेटावर लायटर आणि स्प्रेच्या साहाय्याने एका क्वोकावर आगीचा लोळ सोडला आणि त्यांना दंड झाला, हे कोणाला आठवत नाही. न घाबरणे ही त्या प्राण्याची हौस नाही. तेच त्याचे दुबळेपण आहे.

राहिला बेटाच्या सुरक्षिततेचा मुद्दा. सुमारे ७,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी वाढून रॉटनेस्ट मुख्य भूमीपासून तुटले, आणि तेथे क्वोकाची शिकार करणारे खोकड नाहीत, म्हणून अवघ्या १९ चौरस किलोमीटरवर आज हजारो क्वोका टिकून आहेत, एवढे खरे. परंतु या एकटेपणाची किंमत अशी की बेटावरच्या क्वोकांमधील जनुकीय विविधता मुख्य भूमीवरच्यांपेक्षा कमी आहे, आणि उन्हाळ्यात तेथे गोड्या पाण्याची चणचण असते. मुख्य भूमीवर तर १९३० च्या दशकात, युरोपीयांनी आणलेले तांबडे खोकड पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य भागात पसरल्यानंतर, क्वोका झपाट्याने कमी झाले. आज ते दाट दलदलीच्या झाडोऱ्यात तुकड्यातुकड्यांनी उरले आहेत. २०१५ मध्ये याच भागातील नॉर्थक्लिफच्या वणव्याने तेथील सुमारे ५०० क्वोकांपैकी अवघे ३९ मागे ठेवले. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, धोक्यातील प्रजातींची नोंद ठेवणाऱ्या लाल यादीत हा प्राणी ‘असुरक्षित’ गटात आहे, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाचे सरकार १९९६ पासून जंगलांमध्ये विषारी आमिषे टाकून खोकडांची संख्या आटोक्यात ठेवण्याची मोहीम चालवत आहे.