डार्ट हातातून सुटत नाही तेव्हा

नेम धरल्यावर ऐन क्षणी डार्ट, म्हणजे गोल बोर्डावर फेकायचा छोटा बाण, हातातून सुटत नसेल, तर सराव दुप्पट करावा, हा डार्ट्सवरील एका लेखात वाचलेला सल्ला मला स्वानुभवावरून पटलेला नाही. कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आठ वर्षे खेळल्यानंतर गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझा हात कोपरातून पुढे गेला, परंतु बोटे उघडलीच नाहीत. अंगठ्याचे नख पांढरे पडेपर्यंत मी डार्ट दाबून धरला होता आणि मागून कोणीतरी ‘अहो, सोडा की आता’ म्हणत होते. सोडता आला असता तर सोडला नसता का! त्यानंतर तीन आठवडे मी रोज तासभर जास्त खेळलो आणि त्यातून केवळ अडखळण्याचीच सवय पक्की झाली.

डार्ट्समध्ये पाच वेळा विश्वविजेता ठरलेल्या इंग्लंडच्या एरिक ब्रिस्टोलाही हीच व्याधी जडली होती. तो पुढे काही काळ पुन्हा अव्वल क्रमांकावर पोहोचला, विश्वविजेतेपद मात्र त्याला परत मिळाले नाही. तेव्हा हा प्रश्न कौशल्याच्या अभावाचा नाही, हे उघड आहे.

मला उपयोग झाला तो आकडे विसरण्याचा. बोर्डापासून २.३७ मीटरवर असलेली फेकण्याची रेषा सोडून बोर्डाच्या अगदी जवळ उभे राहायचे, कुठलाही नेम न धरता श्वास सोडता सोडता डार्ट फेकायचा आणि दर आठवड्याला वीतभर मागे सरकायचे, असे मी चार महिने केले. सरावात आता हात मोकळा आहे. सामन्यात शेवटचा डबल, म्हणजे डाव संपवण्यासाठी बोर्डावरच्या दुप्पट गुणांच्या अरुंद पट्टीवर मारायचा नेम, उरला की बोटे अजूनही आखडतात.