लिंबाचा उपाय अर्धाच सांगितलाय

सिनेमात डोक्यावर फुटते तशी साखरेची खोटी बाटली घरी करायची तर साखरेच्या पाकात लिंबू पिळा म्हणजे साखर परत जमत नाही, म्हणजे तिचे दाणे होत नाहीत, असं एका लेखात लिहिलंय. जमत नाही हे खरंय, पण लिंबातल्या आंबटानं साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि हे फ्रुक्टोज हवेतला ओलावा भराभर ओढून घेतं, ते कुणी सांगायचं? आमच्या इंदूरला गणपतीत नाटकासाठी मी अश्शीच बाटली केली होती, सकाळी काचेसारखी लख्ख, दुपारी पाऊस लागला आणि संध्याकाळपर्यंत बोटांना चिकटायला लागली, मान वाकली, प्रयोगात फुटलीच नाही. ज्या मुलाच्या डोक्यावर ती मारायची होती त्याला लागलं पण, फार वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी लिंबू सोडून मिठाईवाले वापरतात ते लिक्विड ग्लुकोज घातलं, त्यानं पण साखर जमत नाही आणि चिकटपणा बराच कमी येतो. पाक थर्मामीटर लावून 150 डिग्रीपर्यंत नेला, त्याच्या आत उतरवला तर पाणी राहतं आणि वस्तू लवचिक होते, फुटायच्या ऐवजी वाकते, आणि फार वर नेला तर पिवळा पडतो. प्रयोगाच्या दिवशीच ओतली, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट डब्यात ठेवली, अगदी एंट्रीच्या आधी काढली. काय सुंदर फुटली! तरी तुकड्यांना धार असतेच हो, डोळ्यांपासून लांब मारा, हे पण लेखात हवं होतं.