वरचा आवाज सगळेच ऐकतात

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आणि डिसेंबरचा पहिला, एवढे दिवस नागपूर हे पायी फिरायचं शहर असतं, असं माझं ठाम मत आहे. काकडा कार्तिकी पौर्णिमेला आटोपलेला असतो, अधिवेशनाच्या गाड्या अजून सिव्हिल लाइन्समध्ये उतरलेल्या नसतात आणि आंबिया बहाराची संत्री हातगाड्यांवर आलेली असतात. सकाळी निघताना स्वेटर लागतो, परतताना तो हातात घ्यावा लागतो. याच दिवसांत मी जुनी हार्मनीची गाणी काढून बसते. तिघं, चौघं, पाच जण. प्रत्येकाचा स्वर वेगळा आणि गाणं एक. सकाळी टेकडी, संध्याकाळी ही गाणी, हा माझा कित्येक वर्षांचा नेम आहे. त्याबद्दल एकदा सविस्तर लिहायचंच होतं.

आधी एक सांगते. फिरताना ही गाणी ऐकू नका. सेमिनरी हिल्सवर सकाळी ज्याच्या त्याच्या कानात काहीतरी खुपसलेलं असतं आणि मला प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटतं की यात गाण्याचंही नुकसान आहे आणि सकाळचंही. हार्मनीत ऐकण्यासारखं जे असतं ते बरंचसं मध्ये आणि तळाशी असतं, आणि ते हळू असतं. एक मोटारसायकल बाजूनं गेली की ते गेलं. मोबाईलच्या स्पीकरवर तर खर्ज निघतच नाही, एवढ्याशा स्पीकरला ते झेपत नाही. मग उरतो फक्त सगळ्यात वरचा आवाज. तो ऐकून लोक म्हणतात, "चाल छान आहे हो." चाल छान असतेच, पण हार्मनीचं सुख तिच्या खाली सुरू होतं.

या गाण्यांसाठी कान तयार लागतात, आणि माझे कान ती टेकडीच तयार करते.

जपानी गार्डनच्या बाजूनं आत शिरलं की थोड्याच वेळात रस्ता मागे पडतो. पावसाळ्यात माजलेलं गवत पिवळं पडून आडवं झालेलं असतं. कुसळं मोज्यांतून आत शिरतात आणि घरी येऊन एकेक उपटत बसावं लागतं. साग गळायला लागलेला असतो. सागाचं पान पडताना नुसतं दिसत नाही, ऐकू येतं. आधी वरच्या फांदीवर थडकतं, मग खालच्या, मग जमिनीवरच्या वाळक्या पानांवर. वारा नसेल तर एका झाडाचं पान कुठून कुठे आलं हे डोळे मिटून सांगता येतं. मध्येच सातभाईंचा कलकलाट उठतो, कुठूनतरी राखी धनेशाची किंकाळी येते, कुंपणाच्या तारेवर थिरथिरा शेपटी थरथरवत बसलेला असतो. तो आपल्याकडचा हिवाळी पाहुणा. गोरेवाड्याकडे गेलात तर पाण्यावर तलवार बदकं आणि गढवाल उतरलेली असतात. ती बघायला दुर्बीण लागते, पण त्यांच्या थव्याचे पंख ऐकायला काही लागत नाही.

सागाची खाली पडलेली पानं जरा उचलून बघा. पावसाळ्याच्या अखेरीला सागावर अळी पडते. ती पानाचा हिरवा गर तेवढा खाते आणि शिरा सोडून देते. झाड मरत नाही, पण पानांची जाळी होते. असं पान उन्हाकडे धरलं की मधली जाड शीर दिसते, तिच्यातून दोन्हीकडे फुटलेल्या फांद्या दिसतात, आणि त्या फांद्यांना एकमेकींशी बांधणाऱ्या केसाएवढ्या बारीक शिरा. पान सबंध असताना यातलं काही नजरेला येत नाही. मी दरवर्षी एक तरी असं पान घरी आणते आणि ते टेबलावरच चुरा होऊन जातं.

टेकडीवरून उतरून सिव्हिल लाइन्सकडे वळलं की रस्त्यावर बुचाची फुलं सांडलेली असतात. पांढरी, लांब दांड्याची. लहानपणी आम्ही दांड्यात दांडा गुंफून त्यांच्या वेण्या करायचो. आमचं लहानपण अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. शेजारी एक अँग्लो-इंडियन आंटी राहायच्या. त्यांच्याकडे नोव्हेंबर संपता संपता चर्चची मंडळी जमायची आणि कॅरोलची तालीम सुरू व्हायची. नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारपासून त्यांचा ॲडव्हेंटचा काळ लागतो, म्हणजे बरोबर आपल्या थंडीच्या सुरुवातीला. बायकांचे दोन आवाज, पुरुषांचे दोन. आंटी मधला आवाज गायच्या, आल्टो. त्या एकट्या सराव करायच्या तेव्हा कुठलं गाणं चाललंय हे ओळखूसुद्धा येत नसे. रविवारी सगळे आले की तीच ओळ मध्ये जाऊन बसायची आणि अख्खं गाणं उजळून निघायचं. हार्मनी म्हणजे काय हे मला तिथे कळलं. पुस्तकं नंतर वाचली.

आता गाण्यांबद्दल. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना मी मिल्स ब्रदर्सकडे पाठवते. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या पिक्वा या लहान गावातले चार कृष्णवर्णीय भाऊ. वडिलांचं केस कापायचं दुकान होतं, आणि वडील स्वतः चौघांच्या एका गटात गायचे. या भावांच्या १९३१-३२ च्या रेकॉर्डमध्ये तुम्हाला ट्रम्पेट ऐकू येईल, ट्यूबा ऐकू येईल. ती वाद्यं नाहीत. साथीला एक गिटार, बाकी सगळं तोंडानं. ऐकणाऱ्यांचा विश्वास बसणार नाही म्हणून रेकॉर्डच्या लेबलवरच छापलेलं असे की गिटार सोडून दुसरं कोणतंही वाद्य वापरलेलं नाही. ट्यूबाचा तो आवाज नीट ऐका. प्रत्येक ठोक्याच्या आधी श्वासाची किंचित फुंकर आहे. पितळी भोंग्यातून ती तशी येत नाही, ती माणसाच्या ओठांतूनच यायची.

हा तळाचा आवाज थोरल्या भावाचा, जॉनचा. १९३६ साली तो ऐन पंचविशीत गेला. खर्ज गेला की चौकडी उभी राहत नाही. मग त्याच्या जागी वडील येऊन उभे राहिले, मुलाचा स्वर बाप गाऊ लागला, आणि पुढची कित्येक वर्षं गात राहिला. १९४३ साली या गटाच्या "पेपर डॉल"नं सगळी अमेरिका जिंकली. त्यात सगळ्यांत खाली जो शांत आवाज चालतो तो त्या बापाचा आहे. हे माहीत झाल्यापासून मला त्या रेकॉर्डवर दुसरं काही ऐकूच येत नाही.

दुसरा गट बर्लिनचा, कॉमेडियन हार्मोनिस्ट्स. १९२७ च्या डिसेंबरात एका तरुण नटानं वर्तमानपत्रात गायक हवेत म्हणून जाहिरात दिली, त्यातून पाच गायक आणि एक पियानोवादक जमले. काही वर्षांत युरोपभर नाव झालं. त्यांचं गाणं इतकं बारीक विणलेलं की एका गायकानं सोडलेला स्वर दुसरा कधी उचलतो तेही कळत नाही. सहांपैकी तिघे ज्यू होते. नाझी राजवटीनं १९३५ मध्ये त्यांना एकत्र गायला बंदी केली. तिघांनी देश सोडला आणि बाहेर नवा गट काढला, मागे राहिलेल्या तिघांनी जर्मनीत दुसरा काढला. दोन्हीकडे चांगले गायक घेतले, तरी पूर्वीची गोष्ट दोन्हीकडे आली नाही, आणि काही वर्षांत दोन्ही गट संपले. चांगला आवाज बदली मिळतो हो. वर्षानुवर्षं एकमेकांचा श्वास ऐकून तयार झालेला कान बदली मिळत नाही.

पुढे १९५७ पासून एव्हर्ली ब्रदर्स आले, डॉन खाली आणि फिल वर, दोघंच. सख्ख्या भावांच्या तोंडाची ठेवण एक, उच्चार एक, म्हणून दोन आवाजांची कड सापडत नाही. आपल्या घरातली भावंडं गणपतीत आरती म्हणतात तेव्हा हे जरा जरा जाणवतंच. बीच बॉइज या अमेरिकन गटाची पाच आवाजांची गाणी रचणारा ब्रायन विल्सन एका कानानं जवळजवळ बहिरा होता, एवढं लक्षात ठेवून ती ऐका.

"पण आपलं संगीत रागाचं, हे आपलं नाही," असं मला नेहमी ऐकवलं जातं. मला हे पटत नाही. तानपुरा लावताना खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून गंधार, म्हणजे ग, आपोआप ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो आणि त्यासाठी जीव टाकतो. हार्मोनियमचा गंधार याच्यापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). वाद्याशिवाय चौघं गायला उभे राहिले, एकानं सा धरला, दुसऱ्यानं पंचम, म्हणजे प, धरला आणि तिसरा गंधार शोधू लागला, तर त्याचा कान त्याला हार्मोनियमच्या गंधारावर टिकू देत नाही. तो हळूहळू खाली सरकतो आणि तानपुऱ्याच्याच गंधारावर येऊन बसतो. बसला की वर एक आणखी आवाज झंकारतो, जो चौघांपैकी कुणीच गात नसतं. अमेरिकेतले बार्बरशॉप गायक, म्हणजे वाद्याशिवाय चौघा-चौघांनी हार्मनीत गाणारे, याच झंकारासाठी गातात. आपल्याला हे परकं वाटायचं कारणच काय?

विदर्भात तर माणसं एकत्र गातातच. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना गावोगावी होते, खंजिरी भजनं होतात, पोवाड्यात झीलकरी "जी जी"चा सूर लावून धरतात. हे सगळं मला अतिशय प्रिय आहे. फक्त तिथे बहुतेक वेळा सगळ्यांनी एका सुरात मिळायचं असतं. हार्मनीत आपापल्या सुरावर ठाम राहून मिळायचं असतं. ते वेगळं सुख आहे आणि तेही आपल्याला मिळायला हवं. आपल्या शेजारी गोव्यात मांडो दोन आवाजांत गातात. सलील चौधरींनी मुंबईत यूथ कॉयर, म्हणजे तरुणांचा गायकवृंद, उभा केला, १९५८ मध्ये कलकत्त्यातही तसा निघाला. म्हणजे भारतीय गळ्याला हे जमत नाही असं नाही.

नागपुरात कराओकेचे ग्रुप किती आहेत बघा. शनिवार-रविवारी हॉल मिळत नाहीत. मीही एका ग्रुपमध्ये आहे आणि मला तो मनापासून आवडतो. आयुष्यभर नोकरी-संसार केलेली माणसं साठीनंतर माईक हातात घेतात, याहून चांगलं काय असणार? पण एक गोष्ट मला खुपते. मागे ट्रॅकवर कोरस आधीच रेकॉर्ड केलेला वाजतो आणि गाऊ शकणारी वीस माणसं खुर्च्यांवर आपला नंबर यायची वाट बघत बसलेली असतात. त्यांच्यातले चौघं उठून तो कोरस का म्हणत नाहीत?

आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. आवाज खोल, खाली जाणारा. हिट गाणी त्यांच्या पट्टीत बसत नाहीत म्हणून त्यांना नेहमी शेवटी उभं करतात. मागच्या थंडीत मी त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही गाणं म्हणू नका, नुसता सा धरा." आमच्या गच्चीवर चौघं बसलो. काकांनी मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, सा धरला, एका मैत्रिणीनं त्याच्यावर पंचम, मी गंधार शोधत होते, आणि माझा भाऊ वरचा सा घेऊन होता. बराच वेळ नुसती खरखर. मी गंधार अगदी जरासा उतरवला आणि एकदम सगळं जागेवर आलं, वरती कुठेतरी काचेसारखा बारीक झंकार उठला. काकांचे डोळे मोठे झाले. श्वास संपेपर्यंत त्यांनी सूर सोडला नाही, आणि मग म्हणाले, "अरे बापा, हे काय होऊन राहिलं? पुन्हा घ्या नं."

तेव्हापासून आमचं जमतंय. आता आम्हाला दोन साधी मराठी भजनं तीन आवाजांत म्हणता येतात. स्वरयोजना आम्हीच घासून-पुसून बसवतो, चुकतं तिथे तानपुऱ्याकडे परत जातो.

येत्या डिसेंबरात रविवारी सकाळी सेमिनरी हिल्सवर चालणार आहोत, नंतर तर्री पोहे, मग आमच्या गच्चीवर तासभर गाणं. खर्ज आहे, वरचे आवाज आहेत. मधल्या आवाजासाठी माणूस हवा आहे. बाई असो की पुरुष, नोटेशन यायची गरज नाही, सा ओळखता आला पाहिजे आणि शेजारच्याचं ऐकून घ्यायची तयारी पाहिजे. कुणाला यायचं असेल त्यांनी मला मेसेज करा.