फ्रीमाँटचा कारखाना विसरलात

‘युनियनच्या आडमुठेपणामुळेच जपानी गाड्यांनी डेट्रॉइटला खाल्लं’ हे डेट्रॉइटच्या, म्हणजे अमेरिकी मोटार उद्योगाच्या, घसरणीवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना बघा. जनरल मोटर्सने तो 1982 मध्ये बंद केला, कारण कामगार म्हणे सुधारण्यापलीकडचे! 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला. कामगार बहुतेक तेच, युनियनही तीच यूएडब्ल्यू, म्हणजे अमेरिकी मोटार कामगारांची संघटना. एक मोठा फरक असा, की चूक दिसली तर दोरी ओढून उत्पादनाची लाईन थांबवायचा हक्क आता साध्या कामगारालाही मिळाला. थोड्याच काळात तिथल्या गाड्या जपानी दर्जाच्या निघू लागल्या. मग आधी नासवत कोण होतं?

मी मिशिगनमध्ये सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत अकरा वर्षं काढली. आमच्याकडे लाईन थांबवणाऱ्याला सुपरवायझर सगळ्यांसमोर झापायचा, त्यामुळे खराब माल बिनबोभाट पुढे जायचा. युनियन धुतल्या तांदळासारखी नव्हती, हेही खरं. कामाच्या वाटणीचे तिचे नियम कधीकधी डोकं फिरवायचे. पण निवृत्तांच्या औषधपाण्याचा खर्च कंपन्यांच्या डोक्यावर बसला, तो करारांवर व्यवस्थापनानेही सह्या केल्या म्हणूनच ना? जपानमध्ये आरोग्यविमा सरकारी योजनेतून मिळतो. लेखात त्याबद्दल अवाक्षर नाही.