वंगणाचे दोन थेंब

वॉकमनला घालायला तेल मागितलं, तर दुकानदाराने "सायकलच्या चेनला चालतं तेच देऊ का?" असं विचारावं, इथवर ठीक आहे. पण बाजूला उभ्या असलेल्या तिसऱ्याच गृहस्थांनी "वय काय?" असं विचारावं, मी भाबडेपणाने "बावन्न" म्हणावं, त्यावर त्यांनी "तुमचं नाही हो, यंत्राचं" म्हणावं आणि काउंटरवरच्या पोऱ्यासकट सगळं दुकान हसावं, हे मला अजून पचलेलं नाही.

दुखणं साधं होतं. कॅसेट लावली की पंडितजींचा षड्ज जागचा हलायचा. विलंबित ख्याल मुळातच विलंबित, त्यात यंत्राने आपली भर घातली की तबलजीसुद्धा कुठे समेवर येणार? कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने सरकते आणि तिला ओढणारा कॅप्स्टनचा दांडा जेमतेम दोन मिलिमीटर जाड, म्हणजे सेकंदाला साडेसात फेरे. तो एका फेऱ्यात जरासा अडखळला तरी कानाला लगेच कळतं. झाकण उघडलं तर आतलं जुनं ग्रीस सुकून गोंदासारखं झालेलं. ते अल्कोहोलने पुसून काढलं. आता नवं काय घालायचं, एवढाच प्रश्न.

आणि इथेच खरी गोम आहे. कॅप्स्टन फिरतो त्या पितळी बुशला, म्हणजे दांड्याभोवतीच्या नळीला, बारीक छिद्रं असतात, ती तेल पिऊन ठेवतात. तिथे पातळ मशीनचं तेल लागतं, तेही थेंबभर. प्लास्टिकच्या गेअरना सिलिकॉन ग्रीस, कारण पेट्रोलियमवालं ग्रीस काही प्लास्टिकांना तडे पाडतं. बटणांखालच्या लोखंडी पट्ट्यांना आणखी तिसरंच, दाटसर. आणि रबरी चाकाला व पट्ट्याला काहीही नाही, थेंबही नाही. तेल लागलं की रबर फुगतं, घसरतं, मग षड्जच काय, अख्खं सप्तक घसरतं. एवढ्याशा डबीत एवढे सोवळे-ओवळ्याचे नियम!

पुण्याच्या तपकीर गल्लीत एलईडीच्या माळांपासून वॉकमनच्या मोटारीच्या पट्ट्यापर्यंत सगळं मिळालं, तेल मात्र "हार्डवेअरवाल्याकडे बघा". म्हणून मी बोहरी आळीत. तिथे हे गृहस्थ भेटले. सत्तरीचे, पांढरा बुशशर्ट, हातात मिक्सरचं तुटकं कपलर. आले होते नवीन कपलर घ्यायला, पण माझी केस त्यांना जास्त रंगतदार वाटली असावी.

"खोबरेल घाला," ते म्हणाले.

"काका, डिसेंबरात बाटलीतलं खोबरेल उन्हात ठेवावं लागतं. यंत्रात गोठेल."

"मग एरंडेल. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांच्या इंजिनांना एरंडेलाचंच वंगण असायचं. वैमानिकांची पोटं बिघडायची त्याच्या धुराने, माहितेय?"

"माझा वॉकमन उडत नाही."

"म्हणूनच चालत नाही!"

पुन्हा हशा. घरी येऊन पाहिलं, विमानांचं खरं निघालं. त्याचाच जास्त राग आला. माणसाने एक तर चुकीचं बोलावं किंवा खोचक, दोन्हींतलं एकच करावं. एरंडेल काही काळाने चिकट होतं, हे मला तिथल्या तिथे सुचायला हवं होतं. ते सुचलं रात्री, दात घासताना.

एवढ्यावर थांबतील तर ते कसले! "ऐकता काय त्यावर?" मी सांगितलं. "ते तर मोबाइलवर फुकट आहे." मग स्वतःच्या टू-इन-वनची, म्हणजे रेडिओ-कम-कॅसेट प्लेअरची, कहाणी: मुलाच्या मुंजीत आलेला, माळ्यावर पडलेला, शेवटी भंगारवाल्याला दिलेला. "आणि त्यालाही तेल वगैरे काही नव्हतं घातलं," असं त्यांनी विजयी मुद्रेने सांगितलं. म्हणूनच भंगारात गेला, हे मी बोललो नाही. तोवर त्यांनी रांगेत माझ्यापुढे हात घालून कपलर घेतलंही होतं.

दुकानदाराने शेवटी स्प्रेचा डबा ठेवला. "सगळ्याला चालतो." हे "सगळ्याला चालतो" ऐकलं की माझं डोकं फिरतं. असले स्प्रे गंज सोडवायला उत्तम, पण त्यात बहुतेक पातळ द्रावकच. उरलंसुरलं ग्रीस धुऊन नेणार, उडून जाणार, आणि जाता जाता रबरी चाकावर हात फिरवून जाणार. ग्रीस मागितलं तर अर्ध्या किलोचा डबा, ट्रकच्या बेअरिंगचा. मला हवं तांदळाच्या दाण्याएवढं! या देशात लग्नाच्या पंगतीला पुरेल एवढं सगळं मिळतं, चिमूटभर काही मिळत नाही. चिमूटभर मागणारा म्हणजे दुरुस्ती करणारा, आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे आता लोक जरा कीव येऊनच बघतात. सोनीने पहिला वॉकमन १ जुलै १९७९ ला जपानात बाजारात आणला आणि २०१० मध्ये तिथल्या दुकानांना कॅसेटवाले पाठवणं बंद केलं. ठीक आहे, पण मधल्या तीस वर्षांत जगभर विकलेले ते कोट्यवधी वॉकमन काय एका रात्रीत विरघळले? नवी यंत्रं तर उघडतच नाहीत, चिकटवूनच येतात. तेल कुठे घालायचं हा प्रश्नच मिटवला, वा!

शेवटी शिलाई मशीनचे सुटे भाग विकणाऱ्याकडे तेलाची बाटली मिळाली. बाटलीवर मशीनचं चित्र, तेल किती पातळ याचा पत्ता नाही. सुईच्या टोकावर एक थेंब घेऊन बुशला लावला, सांडलेलं कापसाने टिपलं. सिलिकॉन ग्रीस नळवाल्याने दिलं, रबरी रिंगांना लावायची छोटी ट्यूब. पंडितजी जागेवर आले.

बाटली मात्र जवळजवळ भरलेलीच राहिली. ती हिने ताब्यात घेतली आणि घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांत रिकामी केली. आता मुलगा रात्री किती वाजता घरी येतो, ते कळेनासं झालं आहे.