दोन कड्या काढून चेन नवी होत नसते

भाच्याने काल फोटो पाठवला. त्याच्या जुन्या माउंटन बाइकची चेन, शेजारी काढून ठेवलेल्या दोन कड्या, आणि खाली ओळ: "मामा, खर्च शून्य, चेन नवी!"

हा प्रताप 'जुन्या एमटीबीचे झिजलेले पार्ट असे वाचवा' या फॉरवर्डचा. मला तो आधीही चारदा आला होता, मी मुकाट डिलीट करत होतो. आता तो घरातच शिरलाय.

मुद्दा पहिला: "चेन ताणून लांब होते. दोन कड्या काढा, पुन्हा नव्यासारखी."

पोलादी पट्ट्या ताणत नाहीत हो! झिजतात त्या पिना, आणि पिना जिथे फिरतात त्या जागा. नव्या चेनमध्ये पिनेपासून पिनेपर्यंतचं अंतर १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच. झिजेमुळे ते सरासरी केसभर वाढतं. कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाचे दाते मात्र अर्ध्या इंचाच्याच हिशेबाने कापलेले. मग चेन दात्यांच्या टोकाकडे सरकते, त्यांना कुरतडते, आणि चढावर उभं राहून जोर लावला की खाडकन घसरते.

आता हिशेब करू. ११४ कड्यांची चेन साधारण १४४८ मिमी. ती ०.७५ टक्के झिजली (मागे नऊ-दहा गिअर असणाऱ्यांनी चेन बदलायची हीच वेळ), तर एकूण वाढ ११ मिमीच्या आत. दोन कड्या काढल्या की २५ मिमी गेले. म्हणजे चेन नव्यापेक्षाही आखूड झाली, आणि उरलेल्या ११२ कड्यांमधलं वाढलेलं अंतर जिथल्या तिथे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! शिवाय पुढे मोठी चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागे सगळ्यात मोठी चकती असा गिअर चुकून पडला, तर आखूड चेन डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला) खेचून हँगरसकट, म्हणजे तो ज्यावर टांगलेला असतो त्या पट्टीसकट मोडू शकते. तो आऱ्यांत गेला तर चाकही गेलं.

शेल्डन ब्राउन हे सायकल दुरुस्तीतलं मोठं नाव. ते २००८ मध्ये गेले, पण अडलं की मी अजून त्यांचंच लिखाण उघडतो. त्यांची पद्धत साधी: स्टीलच्या पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा आणि १२ इंचांवर बघा. नव्या चेनची पिन नेमकी तिथेच असते. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला, कॅसेट बहुधा वाचते. १/८ गेली असेल तर दोन्ही बदला. अकरा-बारा गिअरवाल्यांनी तर १/१६ च्या पुढे थांबूच नये; ती साधारण ०.५ टक्के झीज, आणि त्यांची बदलायची वेळ तीच.

मुद्दा दुसरा: "डिस्क ब्रेक किंचाळत असेल तर डिस्कवर तेलाचा फवारा मारा."

आवाज थांबेल. सायकल थांबणार नाही. डिस्कला दाबून धरणारे पॅड तेल पितात, आणि एकदा प्यायले की घासून-तापवून क्वचितच सुधारतात. हा फवारा आधीच मारला असेल तर डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पॅड सरळ फेका. पॅडचा थर ०.५ मिमी उरला की तसेही ते बदलायचेच. शिमानो या पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या डिस्कवर तर किमान जाडी १.५ मिमी हे छापलेलंच असतं. ते वाचायचं सोडून लोक फॉरवर्ड वाचतात.

"बारा गिअरची कॅसेट कुठल्याही जुन्या चाकावर बसते." सरसकट नाही बसत. बऱ्याच कॅसेटमधली दहा दात्यांची छोटी चकती जुन्या फ्रीहबवर (चाकाच्या ज्या भागावर कॅसेट बसते त्यावर) मावत नाही, आणि शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) आणि डिरेलरही बदलावे लागतात ते वेगळंच.

"कुठलंही ब्रेक ऑइल चालतं." शिमानोच्या मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट (दुसऱ्या जातीचं ब्रेक फ्लुइड) ओतलं की आतले रबरी सील गेले.

शेवटचा मुद्दा, "चालतंय ते बदलू नका", अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो. चेन १/८ च्या पुढे गेलीच असेल आणि गिअर घसरत नसतील, तर दोन्ही लगेच बदलण्याऐवजी चेन-कॅसेट एकत्र मरेपर्यंत चालवलीत तरी चालेल. तिथे नवी चेन टाकलीत तर उलट तीच झिजलेल्या दात्यांवर घसरेल.

भाच्याला सांगितलंय, पट्टी घे, मोजून कळव. नवी चेन आणलीच तर मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलला लांबी अशी काढायची: डिरेलरमधून न घालता ती पुढच्या सगळ्यात मोठ्या चेनरिंगवरून आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरून गुंडाळा, टोकं जुळतील तिथे खूण करा आणि वर दोन कड्या जास्त ठेवा. हो, त्याच दोन.